कापूस पिकविणाऱ्यानें चादर कशी पारखावी?

अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऐपत ओळखून खर्च करावा एवढाच तिचा अर्थ आपण घेतों. खुद्द अंथरुणाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. असें असतां, बैल घेतांना त्याचे दांत पाहणारा, बियाण्याच्या पिशवीवरील अक्षर न् अक्षर वाचून घेणारा आणि सात-बाराचा उतारा चाळल्यावांचून जमिनीचा व्यवहार न करणारा आमचा शेतकरी, ज्यावर रोज निजावयाचें ती चादर केवळ पाकिटावरील चित्र पाहून विकत घेतो. त्यांतही खेदाची गोष्ट ही कीं, ज्या घरच्या शेतांत कापूस पिकतो त्याच घरांत आज पुष्कळदां रसायनी धाग्याची चादर अंथरलेली आढळते. विषय घरगुती आहे. शेतकीच्या मासिकांत त्यास जागा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु लेख शेवटपर्यंत वाचल्यास त्याचा संबंध कपाशीच्या वेचणीपर्यंत कसा पोंचतो हें दिसून येईल, अशी आम्हांस उमेद आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष कसें गेलें तें प्रथम सांगतों. आम्हीं महसूल खात्यांत लेखनिकाचें काम करून नुकतीच निवृत्ति घेतली. आमचें घर वऱ्हाडांतलें. धाकटे बंधु घरची पांच एकर कपाशी करतात. तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत आमच्या मातोश्री अंगणांत पडल्या आणि खुब्याचें हाड मोडून अंथरुणास खिळल्या. अंथरूण कोरडें, स्वच्छ व सुरकुत्या नसलेलें ठेवावें, असें डॉक्टरांनीं बजावलें. आम्हीं त्याच दिवशीं तालुक्याच्या गांवीं जाऊन एका दुकानांतून दोन चादरी आणल्या. पाकिटावर 'शंभर टक्के सुती' असें छापलेलें होतें. शिवाय चारशें धाग्यांचा आंकडा मोठ्या अक्षरांत होता. हात लावला तर चादर रेशमासारखी सुळसुळीत. आम्हीं पावतीही मागितली नाहीं.

आठ दिवसांत मातोश्रींच्या पाठीवर घामोळें उठलें. चादर घाम शोषीना. अंगाखालीं ती सरके आणि तिचा गोळा होई. आम्ही उन्हाळ्यास बोल लावीत राहिलों. एके दिवशीं त्यांनींच चादरीची कड दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "हा कापूस नाही रे बाप्पा." चाळीस वर्षें ज्या बोटांनीं बोंडें वेचलीं त्या बोटांस जें कळलें, तें जन्मभर कागद वाचणाऱ्या आम्हांस कळलें नव्हतें. कडेचा एक धागा ओढून त्यास काडी लावली, तों तो आंखडून वितळला आणि त्याची काळी कठीण गुठळी झाली. दुकानदाराकडे गेलों, त्यानें पावती मागितली, ती आमच्यापाशीं नव्हती, प्रकरण निकालीं निघालें. मग पेटीच्या तळाशीं असलेली, आमच्या लग्नांत १९९१ सालीं मामांनीं दिलेली साधी पांढरी सुती चादर काढून अंथरली. मातोश्री त्याच आषाढांत निवर्तल्या. परंतु शेवटचे दिवस त्या जुन्या चादरीवर त्यांस स्वस्थ पडतां आलें, एवढें समाधान राहिलें. त्यानंतर आम्हीं गिरणींत काम केलेल्या एका स्नेह्याकडून, विणकरांकडून व जिनिंगमधील मंडळींकडून जी माहिती मिळविली व स्वतः पडताळून पाहिली, ती येथें मांडतों.

सोलापूरची चादर सर्वश्रुत आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे. परंतु ती जाड, नक्षीदार आणि मुख्यतः पांघरावयाची. आमचा विषय गादीवर अंथरावयाची पातळ, साध्या विणीची, हातास करकरीत लागणारी चादर हा आहे. व्यापारी लोक अशा कापडास 'पर्केल' म्हणतात. नांव परकें वाटलें तरी वस्तु परकी नव्हे. हा शब्द फ्रेंचांच्या मार्फत पसरला, त्याचें मूळ फारसी सांगतात. आणि सतराव्या-अठराव्या शतकांत असलें सुती कापड हिंदुस्थानांतूनच गलबतें भरून युरोपांत जात असे.

चादरीच्या अंगीं करकरीतपणा तीन गोष्टींनीं येतो : तंतु, सूत आणि वीण. चौथी गोष्ट खळ; पण ती उसनी असून पहिल्या धुण्यांत वाहून जाते. सबब पहिल्या तीन गोष्टींकडेच लक्ष द्यावें.

तंतूचा मुख्य गुण त्याची लांबी. आपल्या जुन्या देशी कपाशीचा तंतु आंखूड, साधारण २२ मिलिमीटरांच्या आंतला असे. आज सर्रास पेरल्या जाणाऱ्या संकरित अमेरिकन कपाशीचा तंतु बहुधा २७ ते ३१ मिलिमीटर भरतो. व्यापारी लागवडीसाठीं निघालेली जगांतील पहिली संकरित कपाशी 'एच-४' ही डॉ. सी. टी. पटेल यांनीं १९७० सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांत काढली, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ३२.५ मिलिमीटरांच्या वरचा तंतु अतिलांब समजतात. तमिळनाडूंत होणारी 'सुविन' ही त्या वर्गांतली. लांब तंतूचें सूत बारीक काढलें तरी मजबूत राहतें व त्याचीं टोकें बाहेर कमी निघतात. म्हणून कापड गुळगुळीत, थंड व टिकाऊ होतें. आंखूड तंतूचीं टोकें जागोजाग बाहेर येतात, घर्षणानें त्यांचे बारीक गोळे बनतात आणि चादर थोड्याच दिवसांत खरबरीत होते. विंचरून आंखूड तंतु काढून टाकलेल्या सुताची चादर म्हणूनच अधिक चांगली.

सुताचा बारीकपणा नंबरानें सांगतात. एक पौंड सुतांत ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील तितका त्याचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितकें सूत बारीक. चादरीस साधारणपणें ३० ते ६० नंबरचें सूत लागतें. रोजच्या घरवापरास ४० नंबरचें विंचरलेलें सूत उत्तम. ६० नंबरचें अधिक तलम, पण महाग.

वीण म्हणजे ताणा आणि बाणा यांची बांधणी. साध्या विणींत बाण्याचा प्रत्येक धागा ताण्याच्या एका धाग्यावरून व पुढच्याच्या खालून जातो. येणेंप्रमाणें धागे पदोपदीं एकमेकांस धरून राहतात; कापड ताठ व घट्ट होतें, तरी त्याच्या बारीक छिद्रांतून वारा खेळतो आणि तें अंगास चिकटत नाहीं. साटीनच्या विणींत एक धागा चार धाग्यांवरून उडी घेऊन मग एकाखालून जातो. त्यामुळें चकाकी व मऊपणा येतो. परंतु मोकळे राहिलेले धागे बांगडींत, नखांत अडकून निघतात आणि कापड जरा उष्ण वाटतें. थंडीच्या दिवसांत साटीन चालेल. परंतु विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत साध्या विणीवांचून सुख नाहीं.

आतां पाकिटावरील आंकड्याविषयीं. एका चौरस इंचांत उभे व आडवे मिळून जितके धागे असतील ती धाग्यांची संख्या. उभे ११० व आडवे ९० असल्यास २००. साध्या विणीच्या चांगल्या चादरीस १८० ते ३०० ही संख्या पुरेशी आहे. एका इंचांत धाग्यांस जागा तरी किती असणार? सहाशें, आठशें, हजार असे आंकडे दिसतात तेथें बहुधा दोन किंवा अधिक पातळ धागे एकत्र पिळून केलेल्या एका दोऱ्याचे सुटे धागे मोजलेले असतात. हें म्हणजे एकाच शेताचे चार तुकडे दाखवून चार शेतें सांगण्यासारखें झालें. आम्हीं एक भिंग घेऊन पाव इंचांतील धागे मोजण्याचा परिपाठ ठेवला आहे. आलेल्या संख्येस चारांनीं गुणलें कीं पाकिटाचा खरेपणा कळतो.

नांवाच्या बाबतींतही तोच प्रकार. २०१६ सालीं अमेरिकेंतील एका बड्या दुकानसाखळीनें, मिसरी कापसाच्या म्हणून भारतांतून घेतलेल्या चादरींत दुसराच कापूस आढळल्याचें जाहीर करून त्या गिरणीशीं व्यवहार तोडला. तज्ज्ञ बाळगणारे मोठे व्यापारी जेथें कांहीं काळ फसतात, तेथें खेड्यांतील गिऱ्हाइकाची काय कथा? तेव्हां नांवावर व आंकड्यावर विसंबूं नये, वस्तूची परीक्षा करावी, हाच मार्ग.

सर्वांत मोठी फसवणूक मिसळीची. पॉलिएस्टरच्या धाग्याची मिसळ करून अगर संपूर्ण पॉलिएस्टरची चादर सुती म्हणून विकतात. दोहोंतील भेद शास्त्रानें असा दाखविला आहे कीं, साधारण दमट हवेंत शंभर भाग कोरडा कापूस साडेआठ भाग ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा भागही धरीत नाहीं. घाम शोषण्याचें रहस्य येथें आहे. निरोगी तरुणास याची फारशी जाणीव होणार नाहीं. परंतु तान्हें मूल, बाळंतीण, ज्वरानें पडलेला मनुष्य आणि कुशीस वळण्याची शक्ति नसलेलें वृद्ध माणूस यांस तो भेद रात्रभर सोसावा लागतो.

दुकानांत परीक्षा कशी करावी? पहिली गोष्ट, चादर पाकिटांतून बाहेर काढावयास लावावी. ती उजेडासमोर धरावी. सूत एकसारखें दिसावें, कोठें जाड कोठें बारीक, कोठें विरळ असूं नये. एक कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें चोळावा. पांढरी भुकटी पडली अगर चोळलेला भाग लुळा व विरळ झाला, तर कापडाचा ताठपणा खळीचा समजावा. मूठभर कापड चुरगळून सोडावें. सुती कापडाच्या वळ्या राहतात, मिसळीच्या कापडाच्या लवकर निघून जातात. वळ्या पडणें हा सुताचा दोष नव्हे, ती त्याची ओळख आहे. मात्र वळ्या पडूं नयेत म्हणून रसायनाचा लेप दिलेलें सुती कापडही मिळतें. त्या लेपानें सुताची शक्ति घटते. शेवटची परीक्षा अग्नीची. कडेचा एखादा धागा मागून घ्यावा व दुकानाबाहेर जाऊन जाळावा. कापूस जळतांना कागद जळल्यासारखा वास येतो व करड्या रंगाची मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतें व कठीण मणी उरतो. ताणा व बाणा दोहोंचे धागे वेगवेगळे जाळावे, कारण कित्येकदां एक सुती व दुसरा रसायनी असतो. हातमागाच्या मालावर हातमागाची मुद्रा असते. परंतु ती मुद्रा मागाची ग्वाही देते, धाग्याची नव्हे, हें विसरूं नये. माप पाहावें. मोठ्या पलंगास ९० × १०८ इंचांची चादर घेतात. सुती कापड पहिल्या धुण्यांत शेंकडा ३ ते ५ आटूं शकतें, म्हणजे १०८ इंचांत पांच इंचांपर्यंत कमी होतील. तेवढी सूट धरूनच घ्यावी. आणि पावती, 'सुती' हा शब्द लिहवून घेऊन, जपून ठेवावी. कागदाची किंमत आमच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असावी? तरी आम्हीच चुकलों.

चादर घेतल्यावर तिची निगा. नवी चादर प्रथम रात्रभर थंड पाण्यांत भिजत ठेवून साध्या पाण्यानें धुवावी, म्हणजे गिरणीची खळ निघून जाते. रंगीत चादर पहिल्या दोन-तीन वेळां वेगळी धुवावी. नेहमींच्या धुण्यांत साबण बेताचा वापरावा. आपल्याकडे बहुतेक गांवीं विहिरीचें व बोअरचें पाणी जड असतें. अशा पाण्यांत साबणाची साय धरते, ती सुतांत बसून पांढरी चादर करडी व राठ होते. पाण्यांत आधीं थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा, मग साबण लावावा व दोनदां स्वच्छ खळबळून काढावें. मऊपणा आणणारीं सुगंधी द्रावणें बाजारांत मिळतात. तीं सुतावर लेप चढवितात व त्याची पाणी शोषण्याची शक्ति कमी करतात. करकरीत चादरीस तीं अगदीं वर्ज्य. ब्लीचिंग पावडर वारंवार वापरल्यास सूत जळतें. रक्ताचा डाग थंड पाण्यानेंच काढावा, ऊन पाण्यानें तो पक्का होतो. हळदीचा डाग साबणानें लाल होतो म्हणून घाबरूं नये. धुऊन कडक उन्हांत वाळत घातल्यास तो आपोआप फिका पडतो.

कापूस ओला असतांना कोरड्यापेक्षां अधिक मजबूत असतो. म्हणून सुती चादर आपटणें-पिळणें सहन करते. परंतु तिला खरी इजा धुण्यांत होत नाहीं, वाळविण्यांत होते. कुंपणाच्या काटेरी तारेवर चादर टाकण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. तीनें गंजाचे डाग पडतात व बारीक छिद्रें होऊन तेथूनच चादर फाटते. दोन खांबांमध्यें दोरी बांधावी. पांढरी चादर उन्हांत, रंगीत चादर उलटी करून सावलींत वाळवावी. किंचित् दमट असतांनाच काढून दोघांनीं समोरासमोर चारी कोपरे धरून दोन-चार झटके द्यावे, कडा ओढून सरळ कराव्या व घडी घालावी. आमच्या लहानपणीं हें काम बहीण-भावांचें असे व त्यांत खेळही होई. इस्त्री असल्यास दमटपणींच गरम फिरवावी. नसल्यास घडी रात्रभर गादीखालीं ठेवावी, सकाळीं ती इस्त्री केल्यासारखीच निघते.

खळ घालावयाची असल्यास दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यांत पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळावा व अर्ध्या बादली पाण्यांत मिसळून त्यांत चादर बुडवावी. भाताची पातळ पेजही चालते. परंतु खळ सणासुदीस, पाहुण्यांसाठीं. आजारी माणसाच्या चादरीस घालूं नये. खळीची चादर पेटींत दीर्घकाळ ठेवूं नये, कारण खळीवर कसर व बुरशी चटकन येते. ठेवणीची चादर खळ काढून, पूर्ण वाळवून, निंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. एका बिछान्यास तीन चादरी असाव्या. एक अंथरलेली, एक धुण्यांत, एक विसांव्यास. यानें तिन्हींचें आयुष्य वाढतें. चादर नेहमीं मध्यावर झिजते. ती विरूं लागतांच उभी फाडून कडेच्या बाजू मध्यें आणून शिवाव्या. आपल्या आया-आज्या लुगड्यास असाच दंड घालीत. त्यानंतरही तिचीं उशांचीं खोळें होतात, आणि शेवटीं ती गोधडींत जाते. सुती वस्त्राचा कोणताच भाग वायां जात नाहीं.

या म्हणण्यावर आक्षेप येतील. मिसळीची चादर स्वस्त, पावसाळ्यांत लवकर वाळते, इस्त्री लागत नाहीं, रंग टिकतो, असें आमच्या सूनबाई म्हणतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. भर श्रावणांत सुती चादर दोन दिवस दमट राहते हें आम्हीही पाहतों. धुणें ज्यांच्या हातीं आहे त्या बायकांची सोय न पाहतां पुरुषांनीं ओसरीवर बसून सुताचे गोडवे गाणें योग्य नव्हे. मिसळीचा माल मिसळीचा म्हणून, मिसळीच्या भावानें विकला जावा. ज्यास तो सोयीचा असेल त्यानें खुशाल घ्यावा. आमची तक्रार तो कापूस म्हणून विकला जातो ही आहे. घरांत निदान लहान मुलें, वृद्ध व आजारी यांच्यापुरती तरी खरी सुती चादर असावी, एवढाच आमचा आग्रह.

या फसवणुकींत नुकसान कोणाचें होतें? गिऱ्हाइकाचें होतें हें उघड आहे; पण शेतकऱ्याचें दुहेरी होतें. हिशेब करून पाहूं. ९० × १०८ इंचांची मध्यम चादर सुमारें पाऊण किलो भरते. कपाशींतून रुई शेंकडा ३४ च्या आसपास निघते आणि कांतण्या-विंचरण्यांत कांहीं घट जाते. तेव्हां एका चादरीस सुमारें पावणेतीन किलो कपाशी लागते असें धरण्यास हरकत नाहीं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कपाशीचा किमान आधारभूत भाव क्विंटलास ८,११० रुपये ठरला होता. त्या भावानें एका चादरींतील कपाशी सुमारें सव्वादोनशें रुपयांची झाली. समजा एका गांवीं तीनशें घरें असून प्रत्येक घरांत चार चादरी आहेत. त्या सर्व सुती असतील तर ३३ क्विंटल कपाशी एवढ्या एकाच कारणास लागेल. त्या रसायनी धाग्याच्या असतील तर तितकी कपाशी त्या गांवापुरती खपली नाहीं. आपल्या मालास उठाव नाहीं म्हणून आपण बाजार समितीच्या आवारांत रात्र काढावी आणि घरीं येऊन दुसऱ्याच धाग्यावर निजावें, ही विसंगति आपणच निर्माण केलेली आहे.

परंतु केवळ गिऱ्हाईक म्हणून जागें होऊन भागणार नाहीं. चादरीच्या दोषांपैकीं कांहीं दोष आपल्याच शेतांतून जातात, हें आम्हांस जिनिंगमध्यें उभे राहिल्यावर कळलें. वेचणीस आपण खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या वापरतों. त्यांचे सुटलेले धागे कपाशींत मिसळतात, रेच्यांत त्यांचे बारीक तुकडे होतात आणि ते यंत्रास सहज निवडतां येत नाहींत. सूत कांतलें, कापड विणलें, रंग दिला, तरी ते तुकडे रंग घेत नाहींत. तेवढ्या जागीं चादरीवर डाग उमटतो. केस, पाचोळा, गोणीची सुतळी यांचेंही तसेंच. फरदडीची कपाशी व बोंडअळीनें खाल्लेली कवडी यांतील तंतु अपक्व व कमजोर असतो. त्याच्या गांठी पडून रंगीत चादरीवर पांढरे ठिपके दिसतात. वजन वाढावें म्हणून पाणी मारलेली कपाशी पिंवळी पडते. पहिल्या वेचणीच्या शुभ्र मालांत हा सर्व माल मिसळून आपण 'एकच ढीग' करतों, आणि मग गिरणीवाला परदेशी कापूस स्वच्छ म्हणून मागवितो याचा राग धरतों. पाकिटावर खोटा आंकडा छापणाऱ्यास दोष द्यावयाचा, तर ढिगाच्या तळाशीं कवडी लपविणाऱ्यासही तो दिला पाहिजे.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. वेचणीचा दर किलोवर ठरतो. भर उन्हांत ओटी बांधून वेचणाऱ्या बाईनें पाचोळा निवडत बसावें तर तिची मजुरी बुडते. शेतकऱ्यानें स्वच्छ माल वेगळा नेला तर खासगी व्यापारी पुष्कळदां दोन्ही मालांस एकच भाव देतो. अशा स्थितींत नुसता उपदेश फुकट जातो. स्वच्छ मालास जास्त भाव आणि स्वच्छ वेचणीस जास्त मजुरी, या दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच सुधारणा होईल. आणि हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे, संस्थेचें आहे.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संस्थेनें हंगामापूर्वीं जाड सुती कापडाच्या वेचणीच्या झोळ्या शिवून घेऊन सभासदांस पडत्या किंमतींत द्याव्या व खताच्या गोण्यांत आलेली कपाशी आपल्या कांट्यावर घेऊं नये. दुसरी, पहिली-दुसरी वेचणी, फरदड व कवडी असे ढीग निरनिराळे ठेवून स्वच्छ माल संस्थेमार्फत एकत्र विकावा व जादा आलेल्या भावांतील कांहीं हिस्सा वेचणाऱ्या बायांस द्यावा. तिसरी, संस्थेच्या भांडारांत इचलकरंजीच्या अगर सोलापूरच्या मागांवरील साध्या विणीच्या सुती चादरी ठोक भावानें आणून, प्रत्येक गठ्ठ्यांतील धागा सभासदांसमक्ष जाळून पाहून, पावतीसह विकाव्या. इचलकरंजींत पहिला यंत्रमाग १९०४ सालीं सुरू झाला. तेव्हांपासून तेथील माग आपल्यासारख्यांच्याच कापसावर चालत आले आहेत. त्या मागांचा व आपल्या शेतांचा संबंध दुकानाच्या पाकिटांत हरवूं देणें कोणाच्याच हिताचें नाहीं.

या सूचना किरकोळ वाटतील. कर्जमाफी, भाव, आयात-शुल्क या मोठ्या प्रश्नांपुढें चादर ती काय, असें कोणी विचारील. मोठे प्रश्न सुटेपर्यंत आपण आपल्या हातचें काम करावयास कोणाची ना नाहीं. आमच्या घरीं गेल्या हंगामापासून सुती झोळ्या आल्या आहेत. आणि मातोश्रींची ती चादर मध्यावर विरली होती, तिला दंड घालून घेतला आहे. ती अजून वापरांत आहे.